पलीकडचा डबा

खाणीच्या वस्तीत कुणालाही खरखरकाकांचं खरं नाव विचारा, तो आधी डोकं खाजवेल आणि मग म्हणेल, "खरखरकाका म्हणजे खरखरकाकाच की!" चाळीस वर्षं त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. तिथे कुठला ना कुठला रेडिओ पोट उघडून पडलेला असे आणि दोन स्टेशनांच्या मधली खरखर दिवसभर चालू असे. डॉक्टर छाती तपासतो तसे काका मान तिरकी करून ती ऐकत बसत आणि पाच-दहा मिनिटांनी नेमक्या दुखऱ्या जागी पेचकस टेकवत.

बोलणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. लग्नाचं विचारायला गेले तेव्हा काय बोलावं ते सुचेना, म्हणून मुलीच्या घरचा बंद पडलेला रेडिओच उघडून बसले. तो सुरू झाला आणि लग्नही ठरलं. काकू अजून म्हणतात, "यांनी मला पसंत केलं की रेडिओला, ते आजपर्यंत कळलेलं नाही."

रेडिओ गेले, दुकानाची फळी लागली, आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी काकांच्या हातात डबे आले.

झालं असं, की ही वस्ती जुन्या दगडखाणीच्या एका उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी वसलेली. मोबाईलचं सिग्नल वरून निघून जातं, खाली उतरत नाही. इंटरनेटची एक तार कशीबशी हजेरीच्या जुन्या खोलीपर्यंत आली होती. तिथून पुढे घराघरांत तार ओढायची म्हणजे पुन्हा दगड फोडणं आलं. मग वस्तीने छपरांवर लावायचे नऊ डबे आणले. बिनतारी. पहिल्या डब्याचं दुसऱ्याने ऐकायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायचं. खाणीत माणसं रांगेने उभी राहून दगड हातोहात पुढे सरकवत, तसंच. लावणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच घराकडे वळल्या. काका म्हणाले, "मला यातलं कळत नाही." हे ते रेडिओच्या बाबतीतही चाळीस वर्षं म्हणत होते, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

सुरुवातीला त्यांनी एक चूक केली. रेडिओवाल्याचा हात, बटण दिसलं की उजवीकडे फिरवायचं. त्यांनी नऊच्या नऊ डब्यांची ताकद पूर्ण चढवून ठेवली. झालं काय, की प्रत्येक डब्याला बाकीचे आठही ऐकू यायला लागले, आणि एक बोलत असला की उरलेले सगळे गप्प. लग्नघरात सगळ्या म्हाताऱ्या एकदम बोलायला लागल्यावर जेवढं काम होतं, तेवढंच त्या आठवड्यात झालं. मग काका एकेका छपरावर चढले आणि एकेकाचा आवाज खाली आणला, शेजाऱ्यापुरता. वस्ती सुरळीत चालू लागली.

अडचण होती ती नवव्या डब्याची.

खाणीच्या मधल्या खड्ड्यात आता पाणी आहे, हिरवं आणि खोल. पलीकडच्या कड्यावर पंपाची खोली. वस्तीला लागणारा थेंबन्‌थेंब तिथून चढतो. त्या खोलीत राहतो काकूंचा धाकटा भाऊ, बारक्या. वय अठ्ठावन्न, उंची सहा फूट, दारातून आत जाताना वाकतो. पण काकूंसाठी बारक्या, म्हणून जगासाठीही बारक्या. खाण चालू होती तेव्हा तो सुरुंग लावायचा. आधी डावा कान गेला, मग उजवा. कानात मशीन घालून पाहिलं, तर म्हणाला, "ताई, यातून फक्त पंप ऐकू येतो. तो मला नुसता हात लावूनही कळतो."

ऐकू येणं संपत चाललं होतं त्या दोन वर्षांत काकू रोज त्याच्यासमोर बसल्या. आवाज न करता बोलायच्या, तो ओळखायचा. चुकला की डोक्यात टपली. अशी टपल्या खात त्याने बहिणीचे ओठ वाचायला शिकून घेतले. इतर कुणाचे त्याला धड वाचता येत नाहीत. त्याच्या मते माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलतात. लिहिलेलं वाचतो, पण अक्षर अक्षर लावत, आणि वर कुरकुरतो, "कागदावर ताई हसतेय की चिडलीय, ते कळत नाही."

संध्याकाळी सहाला पंप थंड व्हायला अर्धा तास बंद असतो. बारक्याचा एक गुडघा कामातून गेलेला, कड्याला वळसा घालून यायचं तर दोन तास. म्हणून त्या अर्ध्या तासात व्हिडिओवर बहीणभाऊ भेटत. तो बोले, काकू ऐकत. काकू बोलत, तो बघे. दिवसभरात त्याच्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस.

एका मंगळवारी शेजारच्या टेलरबाई काकांकडे आल्या. त्या वस्तीच्या कमिटीच्या सचिव आणि उत्तम ब्लाऊज शिवणाऱ्या. गिऱ्हाइकांना व्हिडिओवर मापं कशी घ्यायची ते दाखवतात. दारातच उभ्या राहिल्या.

"काका, रागावू नका."

"बसा," काका म्हणाले.

"काल गिऱ्हाईक मला विचारत होतं, बाई, तुम्हाला झटका आला का? हातात कात्री, तोंड उघडं, डोळे वर, अशी मी अर्धा मिनिट पडद्यावर अडकले होते. रोज सहा ते साडेसहा हेच. आणि गिऱ्हाइकं कामावरून घरी येतात ती तेव्हाच."

काकांना कारण माहीत होतं. त्यांनी ते सांगायचा प्रयत्न केला.

"हवा एकच आहे. नळ एकच असावा तशी. पाण्यापलीकडचा डबा लांब आहे, म्हणून त्याच्याशी सावकाश बोलावं लागतं, एकेक शब्द सुटा करून. भरभर बोललं तर पोचत नाही. तोवर बाकीचे रांगेत."

"म्हणजे बारीक धारेने हंडा भरणारा एकजण, आणि मागे आम्ही सगळे."

"हो."

"आणि हंडा केवढा, तर काकूंचा अख्खा चेहरा." टेलरबाईंनी पदराशी चाळा केला. "काका, कमिटीत तुमच्यासमोर बोलायला कुणी धजत नाही, म्हणून मला पुढे केलंय. रविवारी बैठक आहे. तोवर काही सुधारलं नाही, तर पलीकडचा डबा काढायचा असं ठरतंय. बारक्याभाऊंना निरोप काय, चिठ्ठीनेही जातो."

आतून काकूंचा आवाज आला, "काढा. खुशाल काढा. मी माझी वळकटी घेऊन पंपावर राहायला जाते. यांचं जेवण कमिटीने बघावं."

"काकू, मी माझ्या मनाने नाही हो आले..."

"तू चहा घेऊन जा. तुझ्यावर राग नाही. पण वळकटीचं खरं आहे."

काकूंना कधी पोकळ धमकी देताना काकांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात पाच दिवस होते.

बुधवारी ते जुन्या क्रेनवर चढले. क्रेन पाण्याच्या काठावर, निम्म्या वाटेत. मध्ये एक डबा ठेवला तर लांबचं जवळ होईल, असा हिशेब. सत्तरीचा माणूस गंजलेल्या शिडीवर, कमरेला दोर, दातात पेचकस. खाली काकू.

"अहो, वर चढताय की वर जाताय?"

दातात पेचकस असल्यामुळे काकांना उत्तर न देण्याचं कारण मिळालं.

डबा बसला. पंपावरचं सिग्नल भरभरून दिसायला लागलं. संध्याकाळी सहाला टेलरबाई मात्र पुन्हा अडकल्या, या वेळी डोळे मिटलेले. काका रात्रीचं जेवण न बोलता जेवले. म्हणजे नेहमीसारखेच, पण काकूंना फरक कळला. मधल्या डब्याला ऐकताना बोलता येत नव्हतं. ऐकायला एक वेळ, तेच पुढे सांगायला दुसरी वेळ. लांबी निम्मी झाली, पण निरोप दोनदा द्यावा लागला, आणि रांग होती तिथेच राहिली. गुरुवारी त्यांनी डबा उतरवला.

मग चित्रांवर कात्री चालवली. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक चित्रं. ती सेकंदाला पंचवीस जात होती, काकांनी दोनच ठेवली. चेहरा मोठा, स्वच्छ, रंगीत. बाकी वस्तीला मोकळं झालं. पण पलीकडून बारक्या ओरडला. तो नेहमीच ओरडून बोलतो.

"ताई, तू मधले शब्द खातेस का? 'मी' म्हणालीस आणि एकदम 'गेली' म्हणालीस. कोण गेली?"

"मांजर गेली," काकू म्हणाल्या.

"काय?"

"मांजर!"

"तू नुसती दात दाखवून बसलीयस ताई. फोटो झालाय तुझा."

काकूंनी फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती ती.

शनिवारी काकांनी पलीकडचा डबा मुद्दाम बंद ठेवला. तो नसताना वस्तीचं कसं चालतं ते एकदा बघायला. बारक्याला आदल्या दिवशी लिहून कळवलं होतं. सहा वाजले. भिंतीपलीकडून टेलरबाईंचा आवाज सलग येत होता, "छातीचं माप सैल घ्यायचं हं, श्वास घेता आला पाहिजे." एकदाही अडकला नाही. काकांना त्या आवाजाचा आनंद व्हायला हवा होता. ते अंगणात आले.

काकू दोरीपाशी उभ्या होत्या, पाण्यापलीकडे बघत. कड्यावर पंपाच्या खोलीबाहेर एक ठिपका होता आणि त्याच्या हातात काहीतरी पांढरं हलत होतं.

खाणीतली जुनी पद्धत होती ती. सुरुंगाआधी कड्यावर एक माणूस झेंडे घेऊन उभा राहायचा. लाल डोक्यावर स्थिर धरला की पळा. पांढरा डावीकडून उजवीकडे हलवला की झालं, सगळे ठीक आहेत, बाहेर या. वीस वर्षं तो माणूस म्हणजे बारक्याच होता. झेंडा त्याने कुठे जपून ठेवला होता कोण जाणे.

काकूंनी दोरीवरची ओली चादर ओढली आणि तीच हलवायला लागल्या. पाणी काकांच्या चष्म्यावर उडालं. तिकडून पांढरं, इकडून पांढरं.

"काय बोलताय?" काकांनी विचारलं.

"काही नाही. तो म्हणतो, ठीक आहे. मी म्हणते, ठीक आहे."

"दहा मिनिटं झाली."

"तुम्ही चाळीस वर्षं खरखर ऐकलीत, मी कधी विचारलं?"

काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पलीकडे पाहिलं. एवढ्या लांबून बारक्याची मिशी दिसत नव्हती, चेहरा दिसत नव्हता, तो बारक्याच आहे की दुसरं कुणी, हेही सांगता आलं नसतं. दिसत होता तो नखाएवढा पांढरा तुकडा. तोही स्थिर असता तर कुणाचंतरी वाळत घातलेलं धोतर म्हणून सोडून दिला असता. हलत होता, म्हणून कळत होतं.

काका मान तिरकी करून उभे राहिले. मग काकूंकडे वळले आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागले. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. असं भर अंगणात त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" काकू म्हणाल्या. "काही लागलंय का?"

"नाक लागत नाही," काका म्हणाले.

"अं?"

"त्याला. तुझं नाक लागत नाही. कपाळही नाही. मागची भिंत नाही, कॅलेंडर नाही. रंगही नको." एका दमात एवढं बोलून ते आत गेले आणि दुकानाची फळी काढली.

रविवारी बैठक दुपारी चारला होती. सकाळी काकूंना दुरुस्तीच्या टेबलाशी स्टुलावर बसवलं. बारीक काम बघायचा काकांचा भिंगाचा दिवा होता, लांब वाकड्या मानेचा. त्याच्या मानेला त्यांनी एक छोटा कॅमेरा बांधला आणि तो काकूंच्या तोंडासमोर चार बोटांवर आणून ठेवला. दिवा लावला.

"दात काढायला बसवल्यासारखं वाटतंय," काकू म्हणाल्या.

"हलू नको. नुसतं बोल."

"हे मात्र आयुष्यात पहिल्यांदा सांगितलंत."

चित्र कापत कापत काकांनी काड्यापेटीएवढं केलं. नाकाच्या टोकापासून हनुवटीच्या खळीपर्यंत. रंग काढून टाकले. आणि कापून जे वाचलं, ते सगळं हलण्यासाठी दिलं: सेकंदाला पुन्हा पंचवीस चित्रं. पलीकडच्या डब्यालाही एक गोष्ट शिकवली. तो सारखा भरभर बोलायला जायचा, अडखळायचा, आणि तेच पुन्हा सांगायचा. काकांनी त्याचा वेग खालच्या पायरीला बांधून टाकला. सावकाश बोल, पण एकदाच बोल. बारक्याकडून चित्र येणं बंद केलं, कारण काकूंना त्याचा आवाज पुरेसा होता. तो तसाही नुसत्या हवेतून आला असता.

मग भिंतीवर थापटून टेलरबाईंना सांगितलं, आत्ता एखाद्या गिऱ्हाइकाला व्हिडिओ लावा.

"लावते," भिंतीतून आवाज आला. "आज तोंड मिटूनच बसते. अडकले तर निदान बरी दिसेन."

पलीकडचा डबा सुरू झाला. थोडा वेळ काहीच नाही. मग बारक्याची आरोळी.

"ताई! बाकीची कुठे गेलीस?"

"इथेच आहे. तुला बाकीची लागत नाही, असं तुझे दाजी म्हणतात."

काकांच्या हातात पेचकस होता, तो त्यांनी उगाच घट्ट धरला.

"दाजी बरोबर म्हणतात," बारक्या ओरडला. "अगं, सगळं कळतंय! अख्खी असतेस त्यापेक्षा बरं कळतंय. आणि ताई, खालचा दात कधी पडला? मला बोलली नाहीस!"

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"हात काढ! बत्ती गेली इकडे!"

त्या हसल्या, तर पलीकडून तोही हसला; हसणं बघून हसला, हे काकांच्या लक्षात आलं. मग मांजरीचा किस्सा पहिल्यापासून झाला. मांजर कुठे गेली, कुणाच्या घरात व्याली, किती पिल्लं, कुठलं कुणासारखं. अर्धा तास काकू थांबल्या नाहीत आणि बारक्याने एकदाही "काय?" म्हटलं नाही. काका मात्र कान भिंतीला लावून बसले होते. पलीकडून सलग आवाज येत होता, "मुंढ्याला अर्धा इंच जास्त ठेवा, हात वर करून बघा, आता दुसरा." शेवटी भिंतीवर दोन थापा पडल्या.

"काका, अडकले नाही! एवढी तयारी करून बसले होते!"

चारची बैठक चहा निवायच्या आत संपली. टेलरबाईंनी वहीत लिहिलं, "पलीकडचा डबा आहे तिथेच राहील." काकूंनी वळकटी पुन्हा माळ्यावर टाकली. ती त्यांनी खरोखरच बांधून ठेवली होती.

पाच महिने असेच गेले. मग एका सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून, वळसा घालून, दोन तासांचे तीन करत बारक्या स्वतः दारात आला. वाकून आत शिरला आणि बहिणीकडे बघतच राहिला.

"ताई, केस एवढे पांढरे कधी झाले? ओठांनी तर काहीच सांगितलं नाही!"

"तू विचारलंस का कधी? बस. चहा टाकते."

काका टेबलाशी एका डब्याचं झाकण बसवत होते. चहा झाला. बहीणभाऊ समोरासमोर बसले आणि जुन्या सवयीने काकूंनी आवाज बंद केला. नुसते ओठ हलायला लागले. नवऱ्यादेखत काही बोलायचं असलं की त्या असंच करत, वर्षानुवर्षं. काका तेव्हा आपले मान खाली घालून काम करत.

पण पाच महिने रोज सहाला तो कॅमेरा नीट बसवायचं काम काकांकडे होतं. काड्यापेटीएवढ्या त्या ओठांवर नजर ठेवून, चित्र अडखळतंय का, ते अर्धा अर्धा तास बघणं हे त्यांचंच काम. त्यांनी शिकायचं ठरवलं नव्हतं. टपल्याही खाल्ल्या नव्हत्या. आज सहज मान वर गेली आणि काकूंचे ओठ म्हणाले,

"यांच्यामुळे झालं रे. हे नसते तर तू तिकडे नुसता पंपाशी बोलत बसला असतास. माणूस लाखात एक आहे. पण सांगू नकोस हं, डोक्यावर बसतील."

बारक्याने काकांकडे पाहिलं. काका झाकणाचा स्क्रू आवळत होते. तो केव्हाच घट्ट झाला होता, तरी आवळतच राहिले.

"दाजी," बारक्या ओरडला, "तुमचे कान का लाल झालेत?"

"दिवा," काका म्हणाले. "दिव्याची धग."

दिवा बंद होता.